मकरपुऱ्याच्या शेडमध्ये अँटेना चेंबर बांधायचंय? आधी कागद-पेन्सिल घ्या

बडोद्यातल्या ओळखीच्या लोकांकडून हल्ली एकच प्रश्न वरचेवर येतो, की मकरपुरा जीआयडीसीत शेड पडून आहे, बारा बाय सहा मीटरची, तिच्यात अँटेना टेस्टिंगचं चेंबर, म्हणजे भिंतीवरून लहर परत येऊ न देणारी मोजमापाची खोली, बसेल ना? आता बसायला काय, काहीही बसेल हो, भिंतींना निळे सुळके चिकटवले की फोटोत सगळीच चेंबरं सारखी दिसतात. पण त्या खोलीत मोजलेला साइडलोब, म्हणजे मुख्य झोताच्या बाजूला फुटणारा छोटा झोत, अँटेनाचा खरा की भिंतीने दिलेला हे फोटोवरून कळत नाही, आणि गिऱ्हाइकाने त्याच्याकडच्या रेंजवर तोच अँटेना पुन्हा मोजला की मग पंचाईत होते. म्हणून शेड, फोम, मशीन हे सगळं जरा बाजूला ठेवा आणि आधी एक पान आकडेमोड करा, त्या पानावरून खोली ठरते.

पानावर काय लिहायचं? सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी कुठली, कारण अ‍ॅब्सॉर्बरची उंची तीच ठरवते. सगळ्यात मोठा अँटेना केवढा आणि तो वर कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत चालतो, कारण अंतर त्यावरून निघतं. मुख्य झोतापेक्षा किती डीबी (दहा डीबी म्हणजे पॉवरमध्ये दहापट फरक) खालचा साइडलोब मोजायचाय आणि त्यात किती चूक चालेल, हे तर बहुतेक लोक लिहितच नाहीत आणि सगळा खर्च नेमका याच एका ओळीवर ठरतो. आणि शेवटचं, नुसता पॅटर्न (कुठल्या दिशेला किती सिग्नल जातो) आणि गेन (मुख्य दिशेला तो किती एकवटतो) हवाय की पुढेमागे आरसीएस, म्हणजे एखाद्या वस्तूवरून रडारला किती परत येतं, तेही मोजायचंय. सेल्सवाल्यांना विचारलं तर ते सांगणार सगळंच पाहिजे, त्यांना म्हणावं हातातल्या ऑर्डरी दाखवा मग बोलू.

अंतराचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, दोन डी वर्ग भागिले लॅम्डा, डी म्हणजे अँटेनाचं सगळ्यात मोठं माप आणि लॅम्डा म्हणजे तरंगलांबी. १० गिगाहर्ट्झला लॅम्डा ३ सेंमी, म्हणजे ३० सेंमीच्या अँटेनाला ६ मीटर पुरतात. ५.८ गिगाहर्ट्झची ६० सेंमीची डिश घेतली तर जवळपास १४ मीटर झाले, शेड तिथेच संपली. आणि १० गिगाहर्ट्झलाच १.२ मीटरची डिश आली की ९६ मीटर! माप चौपट झालं की अंतर सोळापट होतं, हे तोंडी माहीत असतं पण शेड बघताना कुणाच्या ध्यानात राहत नाही.

बरं, हे अंतर म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही. तेवढ्या अंतरावरसुद्धा येणारी लहर सपाट नसते, थोडी गोल असतेच, फक्त अँटेनाच्या मध्यापासून कडेपर्यंत तिचा फरक लॅम्डाच्या सोळाव्या भागावर आलेला असतो, म्हणजे साडेबावीस अंश फेज. साध्या अँटेनाला एवढं चालून जातं. पण साइडलोब −३५, −४० चे असतील तर याच अंतरावर पहिला नल, म्हणजे दोन झोतांमधली सिग्नल शून्य होणारी खाच, भरून येतो आणि पहिला साइडलोब मेन बीमच्या खांद्यात बुडाल्यासारखा दिसतो, मग डिझाइनवाला पोरगा रात्र रात्र सिम्युलेशन तपासत बसतो आणि चूक त्याची नसतेच. अशा कामाला दुप्पट तरी अंतर धरा, नाहीतर सरळ नीअर-फील्डकडे जा, त्याचं पुढे सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, भिंतीवरून येणारी चुकार लहर. हॉर्नकडून, म्हणजे समोरून लहर सोडणाऱ्या भोंग्यासारख्या अँटेनाकडून, थेट येणाऱ्या लहरीपेक्षा ती ४० डीबी खाली असेल तर गेनमध्ये चूक येते साधारण ±०.०९ डीबी, म्हणजे झकास, कुणी विचारणारसुद्धा नाही. −३० असेल तर ±०.२८ च्या आसपास, −२० असेल तर जवळपास एक डीबी गेला. हे वाचून लोक म्हणतात मग −४० चं चेंबर घेऊ, बास झालं. थांबा. साइडलोब मोजताना काय होतं बघा: अँटेना फिरलेला असतो, हॉर्नकडे त्याचा −३० चा साइडलोब आहे आणि त्याचा मेन बीम नेमका बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसलाय. भिंतीवरून येणारी −४० ची लहर मेन बीम पूर्ण ताकदीने उचलतो, थेट लहर मात्र तीस डीबी कमी होऊन आत येते. दोघांत फरक उरला फक्त दहा डीबीचा. मग तो साइडलोब २.४ डीबीने वर दिसू शकतो किंवा ३.३ डीबीने खाली, म्हणजे −३० चा साइडलोब तुम्ही −२७.६ पण लिहाल आणि −३३.३ पण लिहाल, आणि दोन्ही वेळा ग्राफ अगदी गुळगुळीत येईल. तोच साइडलोब एका डीबीच्या आत मोजायचा तर चुकार लहर −५० ला लागते. म्हणून म्हटलं ना, ती एक ओळ आधी लिहा. नुसता गेन विकायचा असेल तर उगाच −५० चे पैसे घालू नका, आणि साइडलोबची हमी देऊन माल विकत असाल तर −४० च्या चेंबरचं कौतुक नको.

आता खोलीचं माप. बाजूच्या भिंतीवर लहर जितकी तिरकी पडेल तितका अ‍ॅब्सॉर्बर नापास होतो, सरळ पडली तर उत्तम शोषतो, ६० अंशांच्या पलीकडे तिरकी गेली की त्याची अब्रू झपाट्याने जाते. हॉर्न आणि अँटेना यांच्यात ६ मीटर असतील आणि कोन ६० अंशांच्या आत ठेवायचा असेल तर सुळक्याच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत साडेतीन मीटर रुंदी पाहिजे, ५० अंश हवे असतील तर पाच मीटर. त्यात दोन्ही बाजूंच्या सुळक्यांची उंची मिळवा. लांबीला ६ मीटर, वर अँटेनाच्या मागे मीटर-दीड मीटर, हॉर्नच्या मागे थोडी जागा, आणि दोन्ही टोकांचे सुळके, म्हणजे नऊ मीटरच्या आसपास. उंचीही रुंदीएवढीच ठेवा, छत आणि जमीन या पण भिंतीच आहेत! लोक रुंदीला मोकळे हात सोडतात आणि उंचीला तीन मीटरवर पीओपीचं फॉल्स सीलिंग करून बसतात. बारा बाय सहाच्या शेडमध्ये ३० सेंमीचा एक्स-बँड (१० गिगाहर्ट्झच्या आसपासचा) अँटेना आरामात मोजता येईल, मोठ्या डिशचं नाव काढू नका.

अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, कार्बन पाजलेला, सुळक्याच्या आकारात कापलेला. ढोबळ हिशेब असा की उंची दोन लॅम्डा असेल तर सरळ पडणाऱ्या लहरीला −४० च्या आसपास मिळतं, चार-पाच लॅम्डा असेल तर −५०. म्हणजे ३ गिगाहर्ट्झपासून काम असेल तर २० सेंमीचे सुळके −४० ला चालतील, पण १ गिगाहर्ट्झवर उतरायचं म्हटलं की ६० सेंमी लागतात आणि खोली चारी बाजूंनी आत सरकते. म्हणून खालची फ्रिक्वेन्सी लिहिताना हात आखडता घ्या, 'कधीतरी ९०० मेगाहर्ट्झ पण लागेल' ही एक ओळ लाखांची असते. आणि सगळीकडे एकाच उंचीचा माल लावायची गरज नाही. जिथे पहिलं प्रतिबिंब पडतं, म्हणजे दोन्ही बाजूच्या भिंती, छत आणि जमीन यांच्या साधारण मधल्या पट्ट्यात, आणि अँटेनाच्या मागच्या भिंतीवर, तिथे उंच सुळके लावा, कोपऱ्यांत आणि हॉर्नच्या मागे कमी उंचीचे चालतात.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, गादीवाल्याकडून काळा फोम आणून कापून लावू नका. रंग काळा म्हणजे कार्बन नव्हे. असा फोम मायक्रोवेव्हला जवळजवळ हवाच असतो, लहर आरपार जाते, मागच्या पत्र्यावर आपटते आणि जशीच्या तशी परत येते. खात्री करायची तर फोमचा तुकडा दोन हॉर्नच्या मधे धरा आणि ट्रान्समिशन बघा, काही बदललंच नाही तर तो गादीचाच फोम. हे सांगायला लागतं कारण एका ठिकाणी अख्खी खोली तशी भरलेली पाहिलीये, कुठली ते विचारू नका.

मोठा अँटेना आणि छोटी खोली असेल तर प्लेनर नीअर-फील्ड स्कॅनर बघा. यात अँटेनाच्या समोर तीन-पाच लॅम्डावर एक छोटा प्रोब सपाट पडद्यावर फिरवत नेतात, प्रत्येक बिंदूला अँप्लिट्यूड आणि फेज दोन्ही घेतात आणि दूरचा पॅटर्न गणिताने काढतात. तीच १.२ मीटरची डिश घ्या, तिला बाहेर ९६ मीटर लागत होते. प्रोब १२ सेंमीवर ठेवला आणि मधल्या रेषेपासून ६० अंशांपर्यंतचा पॅटर्न हवा असेल तर स्कॅनचा चौकोन लागतो १.६२ मीटरचा. बिंदू अर्ध्या लॅम्डावर, म्हणजे दीड सेंमीवर, म्हणजे एका बाजूला १०९, एकूण सुमारे बारा हजार बिंदू. अख्खं काम एका खोलीत! फुकट मात्र काही नाही, प्रोब फिरतो त्या पडद्याचा सपाटपणा लॅम्डाच्या पन्नासाव्या ते शंभराव्या भागात पाहिजे, म्हणजे १० गिगाहर्ट्झला अर्ध्या मिलिमीटरच्या आत, आणि स्कॅन चालू असताना फेज सरकता कामा नये, म्हणजे केबल आणि एसी दोन्ही शिस्तीत हवेत. प्रोबचा स्वतःचा पॅटर्न गणितातून वजा करावा लागतो ते वेगळंच. आणि मागच्या बाजूचे लोब या पद्धतीने मिळत नाहीत, ते हवे असतील तर गोलाकार स्कॅन. माझं मत विचाराल तर डिशवाल्यांनी, ॲरेवाल्यांनी (अनेक छोटे अँटेना एकत्र जोडणाऱ्यांनी) हेच घ्यावं, आणि छोट्या पॅच-हॉर्नवाल्यांनी साधी सरळ फार-फील्ड खोली, कारण ती समजायला सोपी आणि चुकली तर कुठे चुकली ते दिसतं.

तिसरा मार्ग कॉम्पॅक्ट रेंज, १९६० च्या दशकात अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये रिचर्ड जॉन्सन यांनी यावर काम केलं. मोठा ऑफसेट परावर्तक फीडमधली, म्हणजे त्याच्यासमोरच्या छोट्या अँटेनातली, गोल लहर सपाट करून देतो, त्याच्या कडा करवतीसारख्या कापतात किंवा मागे वळवतात, म्हणजे कडेवरून उडणारी लहर मधल्या जागेत घुसत नाही. मोजायची जागा साधारण परावर्तकाच्या निम्मी मिळते. पृष्ठभाग लॅम्डाच्या शंभराव्या भागाइतका बिनचूक हवा, १० गिगाहर्ट्झला ०.३ मिमी, १०० गिगाहर्ट्झला ०.०३. उपग्रहाचे पेलोड तपासायला हे वापरतात, पण आपल्यासारख्याने याच्या वाटेला जाऊ नये, असा एखादा अँटेना आला तर भाडं भरून कुठेतरी मोजून आणा.

आणि बाहेर मैदानात? पादऱ्याकडे, वाघोडियाकडे शेतजमीन असलेले मित्र हे सुचवतातच, दोन टॉवर उभे करा की झालं. होतं, पण नियम आहेत. टॉवरची उंची अँटेनाच्या मापाच्या चौपट तरी हवी, आणि ट्रान्समिटिंग अँटेनाचा व्यास लॅम्डा गुणिले अंतर भागिले चार-डी याच्या आत, म्हणजे ९६ मीटरवर १.२ मीटरच्या डिशला समोरून जास्तीत जास्त ६० सेंमीची डिश, नाहीतर मोजायच्या डिशच्या कडांना कमी सिग्नल पोचतो. त्यापेक्षा फार लहान घेतली तर जमिनीवर सांडतं. हवेत ट्रान्समिट करायचं तर डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस परवान्यांच्या खात्याच्या, परवान्याचं आधी बघा, टॉवर उंच असेल तर विमानतळाच्या उंचीच्या एनओसीचं पण. त्यात पावसाळ्याचे चार महिने गेले, आणि उत्तरायणाच्या आठवड्यात टॉवर ताणून धरणाऱ्या तारांवरसुद्धा मांजाची जाळी होते, पोझिशनरच्या (अँटेना फिरवणाऱ्या स्टँडच्या) बेअरिंगमध्ये गुंडाळलेला काच लावलेला दोरा ज्याने ब्लेडने कापून काढलाय तो पुन्हा जानेवारीत मोजमाप ठेवत नाही.

बरं, आता शिल्डिंग, म्हणजे बाहेरचा सिग्नल आत आणि आतला बाहेर जाऊ न देणं. इथे बरेच जण गरज नसताना पैसे ओततात. पॅसिव्ह अँटेना नेटवर्क ॲनालायझरवर, म्हणजे स्वतःच सिग्नल पाठवून तो परत मोजणाऱ्या मशीनवर, मोजायचा असेल तर मशीनचं फिल्टर इतकं अरुंद असतं की शेजारच्या मोबाइल टॉवरचा त्रास फक्त त्याच बँडमध्ये होतो, नुसता अ‍ॅब्सॉर्बर लावलेली साधी खोली पुष्कळदा पुरते. पण ट्रान्समिट करणारं रडार आत चालवायचंय किंवा वायफाय-मोबाइलच्या बँडमध्येच काम आहे तर पत्र्याचा पेटारा हवाच. तिथे सगळी गोष्ट दारावर येते. एका शेडमध्ये फॅब्रिकेटरने दार बसवून दिलं, फटीपाशी उभा राहून म्हणतो, ''साहेब, यातनं पोस्टकार्ड पण जात नाय, तुमचा सिग्नल काय जाणार?'' त्याचीच टेप घेऊन दोन स्क्रूंमधलं अंतर मोजलं, तीस सेंमी. फट किती बारीक आहे याला फारसा अर्थ नाही, ती किती लांब आहे ते बघायचं, तीस सेंमी लांब फट म्हणजे ५०० मेगाहर्ट्झचा अर्धा लॅम्डा, ती स्वतःच मस्त स्लॉट अँटेना झाली. म्हणून दाराच्या चौकटीला सगळीकडून बेरिलियम-कॉपरच्या बोटांची पट्टी लागते, एकही बोट वाकलेलं नको, आणि ती पट्टी जिथे टेकते तिथे रंग अजिबात नको. रंगाऱ्याला चौकटीच्या जवळ फिरकू देऊ नका, तो बिचारा चांगल्या मनाने सगळंच रंगवून जातो. हवेसाठी मधाच्या पोळ्यासारख्या जाळ्या, विजेच्या तारांना फिल्टर, आणि पत्र्याला भोक पाडून इंटरनेटची वायर आत नेणाऱ्या माणसावर नजर.

आत जाऊन दार लावून मोबाइलची रेंज गेली म्हणजे शिल्डिंग झालं असं समजू नका. बाहेर सिग्नल −५० डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डीबी) असेल आणि फोन −११० च्या आसपास हात टेकत असेल तर रेंज गेली याने निदान ६० डीबी मिळाले एवढंच कळतं, त्याहून जास्त किती ते नाही. कागदावर १०० लिहिले असतील तर ट्रान्समीटर आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर लावूनच मोजून घ्या, पैसे चुकते करायच्या आधी.

पॉवरचा हिशेबही त्याच पानावर. ६ मीटरवर १० गिगाहर्ट्झला हवेतला लॉस ६८ डीबी. मशीनमधून ० डीबीएम, केबल मीटरला एखाद डीबी खाते म्हणून दोन्हीकडे दहा-दहा धरा, हॉर्न १६ डीबीआय, अँटेना २७, तर मशीनला येतात −४५ डीबीएम. नॉइज −११० ला असेल तर ६५ डीबी हातात आहेत, −३० चा साइडलोब नॉइजच्या वीस डीबी वर ठेवायला ५० लागतात, म्हणजे पंधरा शिल्लक, उत्तम. आता त्याच खोलीत त्याच हॉर्नने आरसीएस मोजायचा म्हणा, वस्तू −२० डीबीएसएम (एका चौरस मीटरच्या तुलनेत डीबी), तर जाऊन-येऊन हॉर्नच्या तोंडाशी −८३ आणि केबल धरून −१०३! नॉइजला चिकटलाच. म्हणून आरसीएस हवा असेल तर ॲम्प्लिफायरची जागा आणि वीज सुरुवातीपासून धरा. रडारमध्ये अंतर दुप्पट केलं की १२ डीबी जातात, अँटेनाच्या मोजमापात ६, हा फरक विसरला की सगळा हिशेब कोसळतो. आरसीएसच्या कॅलिब्रेशनला धातूचा गोळा ठेवतात, लॅम्डापेक्षा तो चांगला मोठा असेल तर त्याचा आरसीएस पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, १५ सेंमी त्रिज्येला −११.५ डीबीएसएम, आणि गोळा असल्याने कसाही फिरवा, आकडा तोच. उलट दहा सेंमीची चौरस सपाट प्लेट १० गिगाहर्ट्झला समोरून १.४ चौरस मीटर दाखवते आणि जरा वळली की गायब, म्हणून नवख्याने प्लेटवर कॅलिब्रेशन करू नये.

आरसीएसला आधी रिकामी खोली मोजून ठेवतात आणि ती नंतर वजा करतात. शिवाय टाइम गेटिंग असतं, मशीन फ्रिक्वेन्सी फिरवून वेळेत बघतं आणि उशिरा आलेली लहर कापून टाकतं. ६ मीटरच्या अंतराला आणि ४ मीटर रुंद खोलीला भिंतीवरून येणारी वाट १.२ मीटर जास्त पडते, म्हणजे ४ नॅनोसेकंद, १ गिगाहर्ट्झ बँडविड्थ असेल तर सहज वेगळी करता येते. पण तुमचा अँटेनाच १५० मेगाहर्ट्झ रुंद असेल तर वेगळं ओळखण्याची ताकद दोन मीटरची, तिथे गेटिंग काही करू शकत नाही. सॉफ्टवेअर विकणारा हे आपणहून सांगत नाही.

पोझिशनरचं थोडक्यात: ३० सेंमीच्या एक्स-बँड अँटेनाचा बीम सुमारे सात अंशांचा, १.२ मीटरचा पावणेदोन, त्या मानाने एन्कोडर घ्या, उगाच हजाराव्या अंशाच्या मागे लागू नका. वजनापेक्षा वाकवणारा मोमेंट बघा, अँटेना पुढे लटकलेला असतो. पोझिशनरचा जो लोखंडी भाग हॉर्नला दिसतो तो अ‍ॅब्सॉर्बरने झाका, आणि केबल फिरताना वळते तेव्हा फेज बदलतो, म्हणून रोटरी जॉइंट, नाहीतर निदान चांगली फेज-स्टेबल केबल. कनेक्टर टॉर्कच्या पान्यानेच घट्ट करा, पकडीने नाही.

एसी हा चैनीचा भाग नाही. मे महिन्यात पत्र्याची शेड सकाळी दहाला एक आणि दुपारी तीनला दुसरी असते, केबलची फेज त्याच्याबरोबर सरकते. चोवीस तास एकच तापमान ठेवा, मोजायच्या आधी तासभर चालू करणं पुरत नाही. एसीचं पाणी टिपकणारी नळी चेंबरच्या वरून नेऊ नका.

आणि पाणी म्हटलं की विश्वामित्री. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात पाणी कुठवर आलं होतं ते शेडच्या शेजाऱ्यांना विचारूनच जागा ठरवा, बेसमेंट तर नकोच. फोम पाणी पिऊन बसला की नीट वाळत नाही, खाली लटकतो, कार्बन धुपतो, मग फेकायचाच. जोतं उंच घ्या आणि जमिनीवरचे सुळके चाकांच्या पाटांवर ठेवा म्हणजे वेळेला उचलता येतील. बडोद्यात पाण्याबरोबर मगर पण येते म्हणा, पण चेंबरला मगरीपेक्षा उंदराची भीती जास्त, फोमच्या आत घर करतो आणि बाहेरून काही दिसत नाही. केबलच्या भोकांना स्टीलवूल भरा, आत बसून फाफडा-जलेबी खायला बंदी घाला.

आगीचं मात्र चेष्टेवारी नेऊ नका. पॉलियुरेथेन जळताना हायड्रोजन सायनाइड निघतो आणि धूर क्षणात भरतो. फोम घेताना एनआरएल ८०९३ ची, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेच्या अहवालातली, आगीची टेस्ट पास असल्याचा कागद मागा, हवा ओढून धूर ओळखणारा डिटेक्टर बसवा, दार आतून एका धक्क्यात उघडेल असं करा, आत सोल्डरिंग नाही. आणि रडार आत चालवणाऱ्यांनी हे वाचा: साधा फोम दर चौरस इंचाला अर्धा वॉट सहन करतो, म्हणजे चौरस मीटरला ७७५ वॉट. ३० सेंमीच्या चौकोनी ॲरेतून सरासरी १०० वॉट बाहेर पडत असतील तर तोंडासमोर चौरस मीटरला ११०० वॉट होतात. तो ॲरे पोझिशनरवर एकाच दिशेला तोंड करून, भिंतीजवळ, चहाच्या सुट्टीत चालू सोडला की सुळका आतून तापतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तोंडासमोर जास्त पॉवर सहन करणारा अ‍ॅब्सॉर्बर लावा आणि दाराला इंटरलॉक.

सगळं झालं की ठेकेदाराच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका, स्वतः मोजा. जिथे अँटेना उभा राहणार तिथे लाकडी किंवा फायबरच्या रुळावर छोटा हॉर्न ठेवा आणि मिलिमीटर मिलिमीटर सरकवत रीडिंग घ्या. वर-खाली जाणारा रिपल दिसेल, शिखरापासून तळापर्यंत ०.१७ डीबी असेल तर चुकार लहर −४० ला आहे, ०.५५ असेल तर −३०. त्या रिपलच्या लांबीवरून गुन्हेगारही सापडतो: रूळ हॉर्नच्या दिशेने लावलाय आणि रिपल दर दीड सेंमीला येतोय, म्हणजे १० गिगाहर्ट्झचा अर्धा लॅम्डा, तर मागची भिंत. रूळ आडवा आहे आणि रिपल तीन सेंमीला आहे तर अगदी बाजूची भिंत, आणखी लांब असेल तर पुढून तिरकं काहीतरी येतंय, लॅम्डाला रिपलच्या लांबीने भागा, त्याचा साइन-इन्व्हर्स घ्या, कोन हातात आला, त्या कोनात बघा, बहुधा दिव्याची पट्टी, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट किंवा कुणीतरी विसरलेली शिडी असते. मोजताना हॉर्न भिंतींकडे वळवून पण बघा, सरळ समोर ठेवून सगळीच चेंबरं पास होतात.

गेनसाठी कॅलिब्रेट केलेला स्टँडर्ड हॉर्न घ्या, किंवा तो नसेल तर तीन अँटेनांची पद्धत, तिघांच्या जोड्या आलटून पालटून लावायच्या आणि तीन समीकरणं सोडवायची, कुणाचाच गेन आधी माहीत असावा लागत नाही. पद्धतींचा सविस्तर आधार अँटेना मोजमापाच्या आयट्रिपलई १४९ या मानकात आहे, १९७९ चा जुना आणि २०२१ चा नवा, नवा घ्या. नीअर-फील्डवाल्यांनी न्यूवेल या संशोधकाची, मोजमापात कुठून कुठून चूक येते त्याची, १८ चुकांची यादी भिंतीवर लावावी, प्रत्येक चुकीपुढे आपला आकडा लिहावा, आकडा नसेल तिथे ती चूक अजून मोजलेली नाही असं समजावं.

शेवटी रोजची सवय: एक ठरलेला अँटेना, ठरलेली केबल, सकाळी पहिलं मोजमाप त्याचं, आणि वहीत तारीख, तापमान, गेन. गेन एकदम ०.३ डीबी पडला तर आधी कनेक्टर उघडून अल्कोहोलने पुसा, मग केबल बदला, मग रोटरी जॉइंट, आणि फोमकडे सगळ्यात शेवटी बघा. हळूहळू महिनाभर घसरत असेल तर उलट, आधी आत टॉर्च घेऊन जा, एखादा सुळका चिकटवलेल्या जागेवरून सुटून हॉर्नच्या रेषेत वाकलेला असतो.